त्याचे दोनशे त्याचेच

सावंतवाडीच्या बाजारात मी चार वर्षं पिग्मी गोळा करत होते. सकाळी दहा ते दोन, पुन्हा चार ते साडेसात. भांडीवाला ५०, चपलांचं दुकान १००, मोती तलावाच्या कडेची भेळेची गाडी २०, कधी तेही नाही. पतसंस्थेनं हातात मशीन दिलं होतं, पण पावसात ते रुसायचं, म्हणून बेरीज डोक्यातच धरायची सवय लागली. साठेक दुकानं झाली की पर्स न उघडता आकडा सांगायचे आणि तो बहुतेक वेळा जुळायचा. माझी पुढची नोकरी ह्याच एका गोष्टीवर लागली.

कुडाळचा एक ओळखीचा मुलगा गोव्यात मांडवी नदीवरच्या एका कॅसिनो बोटीत डीलर, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारा, होता. तो म्हणाला, "तू पोकर शिक. आणि पोकरमधलंही ओमाहा शिक. त्या टेबलावर बसायला आमचे अर्धे डीलर टाळाटाळ करतात. पत्त्यांमुळे नाही, हिशोबामुळे." ओमाहा हे अमेरिकेतल्या एका गावाचं नाव, एवढंच मला तोवर माहीत होतं, तेही शब्दकोड्याच्या कृपेनं.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "जुगाराच्या बोटीर? लोकांका काय सांगू?" म्हटलं, सांग हॉटेलात आहे. ती अजून तेच सांगते.

तसं बघितलं तर गोव्यात हे कायद्यानं चालतं. तिथला जुगाराचा कायदा १९७६चा, त्यात पुढे दुरुस्त्या होऊन पाण्यावरच्या कॅसिनोंना परवानगी मिळाली. गंमत म्हणजे १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांनाच आत जाऊन खेळायला बंदी आहे. काम करायला नाही. आपल्याकडेही कॅसिनोचा एक कायदा १९७६ सालीच झाला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. त्यामुळे बांद्याच्या पुढे पत्रादेवी ओलांडली की जे पोटापाण्याचं काम, ते अलीकडे आलं की गुन्हा. मी रोज हा नाका ओलांडणार नव्हते म्हणा, म्हापशाला चौघींत खोली घेतली.

मुलाखतीत पहिलं काम हात पुढे करायचं. नखं, बोटं, थरथर. मग चिप्सचे, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्यांचे, रंग ओळखायचे. मग एकानं विचारलं, ३५ गुणिले १७. मी ५९५ म्हटल्यावर त्यानं मान वर करून पाहिलं. मी पिग्मीचं सांगितलं. तो हसला, "चांगलंय. इथे उलटी पिग्मी असते."

आठ आठवड्यांचं शिक्षण. आमचे सर गोव्याचेच, पन्नाशीचे, सगळ्या मुलींना "बाय" म्हणायचे आणि चुकलं की पत्त्यांचा कॅट टेबलावर आपटायचे. पहिले पंधरा दिवस नुसते पिसणं. टेबलावर सगळे पत्ते पसरून दोन्ही हातांनी कालवायचे, मग दोन ढीग करून कोपरे एकमेकांत घुसवायचे, पुन्हा तेच, मग वरचे छोटे छोटे गठ्ठे काढून उलट रचायचे, पुन्हा एकदा कोपरे, मग काटायचं. हे सगळं टेबलाला चिकटून, कॅट वर उचलायचा नाही, नाहीतर पहिल्या खुर्चीतल्याला खालचा पत्ता दिसतो. मला त्या काळात सारखी राजवाड्यातली गंजिफा आठवायची. शाळेच्या सहलीत दरबार हॉलमध्ये कारागीर ते गोल पत्ते रंगवताना पाहिले होते, दशावतारी गंजिफाचे १० रंग, प्रत्येकी १२, एकूण १२० पत्ते. गोल पत्त्याला कोपराच नाही, मग ते लोक पिसायचे कसे? सरांना विचारलं. ते म्हणाले, "बाय, तू चौकोनी पीस."

त्यानंतर वाटणं. आमच्या वाडीत गणपतीच्या जागरणाला पत्ते उजवीकडून वाटतात. इथे डावीकडून, आणि वाटायचे म्हणजे ठेवायचे नाहीत, फेकायचे: टेबलालगत सरपटत, उपडे, बरोबर त्या माणसासमोर थांबले पाहिजेत. नवव्या खुर्चीपर्यंत पत्ता पोचायला मला तीन आठवडे लागले. घरी येऊन पलंगाच्या चादरीवर सराव करायचे. चादरीवर पत्ता सरकत नाही, हे कळायलाही दोन रात्री गेल्या.

खरी अडचण झाली ती काकांनी शिकवलेल्या तीनपत्तीची. तीनपत्तीत सिक्वेन्स मोठा, कलर छोटा. पोकरमध्ये उलट: एकाच रंगाचे पाच म्हणजे फ्लश, आणि तो ओळीनं लागलेल्या पाचांपेक्षा, म्हणजे स्ट्रेटपेक्षा मोठा. मला हा निव्वळ अमेरिकन आडमुठेपणा वाटला होता. सरांनी फळ्यावर आकडे लिहिले. तीन पत्त्यांत नुसते सिक्वेन्स ७२० होतात आणि नुसते कलर १,०९६. म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्त्यांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८. दोन पत्ते वाढले आणि दुर्मीळ कोण ते फिरलं. जे कमी मिळतं ते मोठं, एवढाच कायदा. बरोबरच्या मुलींनी क्रम पाठ केला, मला मात्र आकडे दिसल्यावरच तो गळी उतरला. काकांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपण बरोबरच खेळत होतो ना?" हो, म्हटलं.

'ब्लाइंड' हा शब्दही असाच फसवा. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता चाल करणारा शूर माणूस. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे सक्ती. तीनपत्तीत प्रत्येकजण बूट टाकतो. इथे फक्त दोघांनी टाकायचे. टेबलावर एक पांढरं गोल बटण असतं, ते दर डावाला एक घर पुढे सरकतं. बटणाच्या डावीकडचा पहिला स्मॉल ब्लाइंड, दुसरा बिग ब्लाइंड. १००-२०० चं टेबल म्हटलं की पहिल्यानं १००, दुसऱ्यानं २०० पत्ते यायच्या आधीच पुढे ठेवायचे. बाकीचे फुकट पत्ते बघतात.

टेक्सास होल्डेम चार दिवसांत संपलं. प्रत्येकाला दोन पत्ते उपडे, मधे सगळ्यांचे पाच उघडे, सातांतून सर्वांत चांगले पाच. ते टीव्हीवर दाखवतात, मोबाइलवर पोरं खेळायची, त्यावर जास्त काय बोलायचं.

मग ओमाहा. हा खेळ कॅसिनोत आला तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, लास वेगासमध्ये. रॉबर्ट टर्नर नावाच्या खेळाडूनं तो गोल्डन नगेटमध्ये पोकर रूम चालवणाऱ्या बिल बॉइडला दाखवला आणि त्यानं तिथे टेबल लावलं. सुरुवातीला त्याला नगेट होल्डेमच म्हणत. दिसायला होल्डेमचाच भाऊ: फक्त पत्ते दोनऐवजी चार. मधे आधी तीन एकदम उघडायचे, तो फ्लॉप. मग चौथा, टर्न. मग पाचवा, रिव्हर. प्रत्येक वेळी त्याआधी वरचा एक पत्ता न दाखवता बाजूला सारायचा, तो बर्न. बेटिंग चारदा: पत्ते वाटल्यावर, फ्लॉपनंतर, टर्ननंतर, रिव्हरनंतर. नऊ जण बसले तर हातातले ३६, मधले ५, बर्नचे ३, म्हणजे ५२ मधले ४४ पत्ते एका डावात गेले. माझ्या हातात उरतात ८. वाटता वाटता कॅट असा बारीक होत जातो की पहिल्यांदा मला वाटलं कुणाला जास्त गेले.

आणि मग ती अट: हातातल्या चारांतले दोनच, आणि मधल्या पाचांतले तीनच. दोनापेक्षा कमी नाही, जास्त नाही. ऐकायला सोपी. ह्या अटीनं आमच्या बॅचमधल्या दोघी रडल्या.

एक डाव मला अजून दिसतो. मधे बदामाचा राजा, बदाम नव्वी, बदाम छक्की, बदाम दुर्री, आणि किलवर सत्ती. सरांनी माझ्यासमोर चार पत्ते उलटले: बदाम एक्का, इस्पिक एक्का, किलवर दश्शी, इस्पिक चव्वी. "काय आहे?" मी लगेच, "एक्क्याचा फ्लश." होल्डेममध्ये तो होताच. सरांनी काही न बोलता बदाम एक्का वर सरकवला आणि म्हणाले, "एक झाला. दुसरा बदाम दाखव." दुसरा बदाम नव्हता. हातातून दोन घ्यायचेच आहेत, मग एका बदामाला चार जोडता येत नाहीत. त्या माणसाकडे होती फक्त एक्क्यांची जोडी. समोरच्याकडे बदामाच्या तिर्री-चव्वीसारखे किरकोळ दोन पत्ते असते तरी पॉट, म्हणजे मधे जमलेले सगळे पैसे, त्याचा. "आता तू ह्याला पैसे ढकललेस," सर म्हणाले, "कोणाचे?"

दुसरा सापळा त्याहून वाईट. मधे तीन राजे आणि दोन सत्त्या, हातात एक्का, राणी, गुलाम, पंजी. मधेच फुलहाऊस, म्हणजे एकाचे तीन आणि दुसऱ्याचे दोन, पडलेलं दिसतंय, कुणीही म्हणेल सगळ्यांचं फुलहाऊस. पण मधले तीनच घ्यायचे. तीन राजे घेतले की सत्त्या सुटल्या, वर हातातले एक्का आणि राणी. म्हणजे नुसते तीन राजे. ज्याच्या हातात दुर्रीची जोडी असेल तोसुद्धा ह्याला हरवतो.

आणि चार एक्के हातात आले तर? आमच्याकडे कुणी नारळ फोडेल. ओमाहात तो हात जवळजवळ कचरा. दोनच वापरता येतात, आणि उरलेले दोन एक्के आपणच अडवून बसलो, ते मधे येण्याची आशाच नाही.

सरांची वाचायची पद्धत अशी: आधी मधले पत्ते बघून ठरव की काय काय *होऊ शकतं*, मग माणसाच्या हातात त्याचे दोन पत्ते शोध. हातातून मधे जाऊ नकोस. चार पत्त्यांतून दोनाच्या ६ जोड्या, पाचांतून तिनाच्या १०, म्हणजे एका माणसाच्या ६० शक्यता; त्या कुणी एकेक करून बघत नाही. दाराशी उभं राहून आतला माणूस ओळखायचा, असं ते म्हणायचे. मला हे पाठ व्हायला महिना लागला, पण एकदा बसल्यावर गेलं नाही.

तरी हा भाग खेळाडूही करतात. हिशोब मात्र एकटा डीलरचा.

बेटिंगचे तीन प्रकार सरांनी असे सांगितले. फिक्स्ड लिमिट म्हणजे किती वाढवायचं ते आधीच ठरलेलं. नो लिमिट म्हणजे समोर आहे ते सगळं एका घासात ढकला. आणि पॉट लिमिट म्हणजे जास्तीत जास्त पॉटएवढं. ओमाहा मुख्यतः पॉट लिमिट खेळतात, आणि त्याला कारण आहे. होल्डेममध्ये दोन एक्के असले की दोन राजांविरुद्ध दहात आठदा तरी तुम्हीच जिंकता. ओमाहात एक्क्यांची चांगली जोडी असलेला हात, समोर आठ-सात-सहा-पाच असे दोन रंगांत बसलेले चार पत्ते, तर मामला साठ-चाळीसच्या आसपास. सुरुवातीला कुणी फारसा पुढे नसतोच. अशात नो लिमिट ठेवलं तर जो तो फ्लॉपच्या आधीच सगळं ढकलेल आणि नाणेफेक होईल. पॉट लिमिटमुळे पैसा हप्त्याहप्त्यानं येतो.

पण 'पॉटएवढं' म्हणजे किती? इथेच गोम आहे. पॉटमध्ये आत्ता दिसतात तेवढे नाही. आधी समोरच्याची बरोबरी करा, ती रक्कम पॉटमध्ये गेली असं धरा, मग जेवढा पॉट झाला तेवढं वर वाढवा. १००-२०० च्या टेबलावर पहिला बोलणारा म्हणाला "पॉट". बरोबरी २००. पॉट झाला १०० अधिक २०० अधिक २००, म्हणजे ५००. तेवढे वर. एकूण ७००.

हे बोटांवर मोजत बसलं तर टेबलावरचे लोक झोपतील. म्हणून युक्ती: शेवटच्या बेटाची तिप्पट, अधिक बाकी जे काही पडलंय ते. २०० ची तिप्पट ६००, अधिक १००, झाले ७००. पुढचा म्हणाला "पॉट": ७०० ची तिप्पट २,१००, अधिक ब्लाइंडचे ३००, झाले २,४००. सर हे गाण्यासारखं म्हणायला लावायचे. "तिप्पट कर, उरलेलें घाल." जेवणाच्या रांगेत, किनाऱ्यावरून कॅसिनोत नेणाऱ्या फीडर बोटीच्या वाटेवर, कुणी मधेच ओरडायचं, "सातशेवर पॉट, ब्लाइंड शंभर-दोनशे!" आणि कुणीतरी उत्तर द्यायचं. म्हापशाच्या बसमध्ये एका आजोबांनी आम्हाला विचारलं, कुठल्या बँकेत आहात?

मर्यादा शब्द ऐकून हा सभ्य खेळ वाटतो. एकदा रिकाम्या वेळात मी कागदावर मांडून बघितलं. एकानं ७०० केले, बिग ब्लाइंडनं बरोबरी केली, स्मॉल ब्लाइंडनं सोडलं. पॉट १,५००. फ्लॉपवर पॉट आणि बरोबरी: १,५००चे ४,५००. दर टप्प्याला तिप्पट. टर्नवर ४,५०० टाकून १३,५००. रिव्हरवर १३,५०० टाकून ४०,५००. एका माणसाचे किती गेले? ७००, १,५००, ४,५००, १३,५००: एकूण २०,२००. ह्या टेबलावर माणूस साधारण शंभर बिग ब्लाइंड, म्हणजे २०,००० घेऊन बसतो. चार वेळा फक्त 'पॉट' म्हटलं की रिव्हरपर्यंत सगळं आत. भेळवाल्याची २० ची पिग्मी हजार दिवसांत जेवढी होते, तेवढी चार शब्दांत. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण पहिले काही दिवस प्रत्येक चिपेमागे मला सावंतवाडीचं एक दुकान दिसायचं. मग दिसेनासं झालं. न दिसणं ह्या कामात बरं असतं.

साइड पॉटचं थोडक्यात सांगते, कारण ते अवघड नाही, फक्त शांतपणा लागतो. एकाकडे ३,०००, दुसऱ्याकडे ८,०००, तिसऱ्याकडे २०,०००, तिघांनी सगळं लावलं. मुख्य पॉट तिघांचे तीन-तीन हजार, ९,०००. दुसऱ्या-तिसऱ्याचा बाजूचा पॉट पाच-पाच हजार, १०,०००. तिसऱ्याचे १२,००० त्याला परत. छोट्यापासून सुरू करायचं, बस्स.

परीक्षा झाली, मी पास झाले, बोटीवर गेले. पँटचे खिसे शिवलेले, मनगट मोकळं. टेबल सोडताना दोन्ही तळवे उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे, मग पुढच्या डीलरला जागा. अर्ध्या तासाची एक पाळी, तिला डाउन म्हणतात. पहिले दोन महिने मला होल्डेमवरच ठेवलं. तिथे पॉट किती हे खेळाडूनं विचारलं तरी डीलर सांगत नाही, तो त्याचा त्यानं बघायचा. ओमाहावर गेलं की उलट: विचारलं की सांगावंच लागतं, आणि चुकीचं सांगून चालत नाही.

शिवाय तिथे येणारे बरेचसे तरुण मोबाइलवर शिकून आलेले. ॲपमध्ये 'पॉट' असं बटणच असायचं, दाबलं की आकडा आपोआप. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद केले. बोटांची सवय कशी बंद होणार. ते टेबलावर "पॉट" म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. मीच त्यांचं बटण.

ओमाहावरची माझी तिसरी रात्र. १००-२००, आठ जण. पहिल्यानं म्हटलं "पॉट". मी म्हटलं, "सातशे." मधले सगळे गेले. बटणावर एक साठीचे गृहस्थ, पांढरा सदरा, समोर पाण्याची बाटली, त्यांनी दोन बोटांनी टेबल ठोकलं आणि म्हणाले "पॉट". "चोवीसशे." स्मॉल ब्लाइंडनं पत्ते टाकले. बिग ब्लाइंड होता एक पोरगा, हेडफोन गळ्यात. त्यानं पत्त्यांचे कोपरे उचलून पाहिले, परत ठेवले, परत पाहिले. "पॉट."

डोक्यात गाणं सुरू. चोवीसशेची तिप्पट, सात हजार दोनशे. उरलेलं घाल. शंभर, दोनशे, सातशे: हजार. "आठ हजार दोनशे."

त्यानं चिप्स मोजल्या, त्याच्या आधीच्या २०० शेजारी आठ हजार लावले. मी पहिल्याकडे हात केला, त्याची पाळी. बटणावरचे गृहस्थ त्या आठ हजारांकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. पोरग्याच्या आधीच्या दोन चिप्सकडे बघत होते. म्हणाले, "आठ हजार."

"सर, आठ हजार दोनशे," मी म्हटलं.

"उसका दो सौ उसी का है."

मला कळलंच नाही ते काय म्हणतायत. कान तापले. हात वर करून फ्लोरला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्यांना, बोलावलं. फ्लोरवरच्या बाईंनी टेबलाकडे एकदा पाहिलं, ओठ हलवले आणि म्हणाल्या, "आठ हजार बरोबर. दोनशे परत घे." अजून पुढची चाल झाली नव्हती म्हणून दुरुस्त करता आलं. पोरग्यानं खांदे उडवले, दोन चिप्स मागे घेतल्या. पहिल्यानं पत्ते टाकून दिले, गृहस्थांनीही. डाव संपला. ज्यासाठी सगळं थांबलं होतं तो पुढचा फ्लॉप उघडलाच नाही.

डाउन संपल्यावर मी वरच्या डेकवर जाऊन टिश्यूवर मांडलं. पॉटमध्ये होते १००, २००, ७००, २,४००: एकूण ३,४००. पोरग्याला बरोबरीसाठी २,४०० नाही, २,२००च लागत होते, कारण त्याचे दोनशे आधीच आत. ते घातल्यावर ५,६००. तेवढे वर: २,४०० अधिक ५,६००, आठ हजार. तिप्पटीची युक्ती सांगते ती *एकूण* रक्कम, म्हणजे त्या माणसासमोर शेवटी किती दिसले पाहिजेत ते. त्याचे स्वतःचे आधीचे पैसे त्या एकूणातच मोडतात. 'उरलेलं घाल' म्हणजे दुसऱ्यांचं उरलेलं. सर दोन महिने गात होते आणि हे एक अक्षर कधी बोलले नाहीत, किंवा बोलले असतील आणि मी चिप्स रचत असेन. सगळा सराव नव्या माणसाच्या बेटाचा. ज्याचे पैसे आधीच पडलेत तो परत वाढवतो, ते उदाहरण कधी आलंच नव्हतं.

मग मी तेही घोकलं. पहिल्याचे ७०० असताना तोच २,४०० वर पुन्हा पॉट म्हणाला तर? ७,२०० अधिक ब्लाइंडचे ३००, ७,५००. त्याचे सातशे धरायचे नाहीत. टिश्यूवर पाच-सहा उदाहरणं झाली तोवर पुढच्या डाउनची वेळ झाली. मांडवीवर पलीकडच्या बोटीचे दिवे पाण्यात हलत होते, आणि मला आठवत होतं की पिग्मीत एकदाच माझा हिशोब चुकला होता, तोही असाच: एका दुकानदारानं सकाळी दिलेले ५० मी संध्याकाळी पुन्हा त्याच्याच नावावर लावले होते.

ते गृहस्थ दर महिन्याला येतात. पुन्हा कधी त्या रात्रीचा विषय काढला नाही. टिप देतात, कमीच. पण पॉट म्हणताना आता माझ्याकडे बघत नाहीत, आकडा ऐकतात आणि चिप्स सरकवतात.

त्यानंतर पाच पत्त्यांचा ओमाहा आला, मग सहाचा. नियम तेच, हातातले दोनच. फक्त हातात पत्ते जास्त, म्हणून सगळ्यांकडेच काहीतरी असतं आणि पॉट फुगतात. पाच पत्त्यांना नऊ जण बसूच शकत नाहीत: ४५ आणि मधले-बर्नचे ८ म्हणजे ५३, कॅटमध्ये ५२. आठ जणच. सहाला सात. एका रात्री फ्लोरकडे गर्दी होती आणि कुणीतरी आग्रह करत होतं की नववी खुर्ची लावा. मी नुसता आकडा सांगितला. खुर्ची परत गेली.

आता नवीन टूम: डबल बोर्ड. ठरावीक डावांना सगळ्यांनी सारखी रक्कम मधे टाकायची, पहिलं बेटिंगच नाही, थेट फ्लॉप. आणि मधे एक नाही, पाच-पाच पत्त्यांच्या दोन ओळी. अर्धा पॉट वरच्या ओळीच्या विजेत्याला, अर्धा खालच्या. हातातले दोनच, पण वरच्या ओळीसाठी वेगळे दोन घ्या, खालच्यासाठी वेगळे. चार पत्त्यांच्या नऊ जणांना ३६, मधले १०, बर्न ३, म्हणजे ४९. जेमतेम बसतात.

सुट्टीत घरी आले तेव्हा ओटीवर जुना कॅट पसरून सराव करत होते. चिप्स नव्हत्या, चिंचोके घेतले. भावाची दोन पोरं खेळाडू, तिसरा हात आईचा, ती सूप बाजूला ठेवून बसली होती. चार पत्ते तिनं पंख्यासारखे धरले, तीनपत्तीत धरतात तसे, सगळ्यांना दिसतील असे. मी वरची ओळ उघडली. मग खालची.

तिनं चष्मा वर केला. "आणि हे दुसरे पाच कोणाचे?"

"सगळ्यांचेच," मी म्हटलं.

"मगे चार वाटलंस कशाक," ती म्हणाली, आणि दोन चिंचोके पुढे सारले.